शेजारच्या शिवारात बिझनेस पार्क येऊलाय, झोन बदलाची नोटीस पेपरात आलीय. हरकत घालू का गप्प बसू?

दोन_एकर_दहा

नमस्कार मंडळी. बेळगाव तालुक्यातलंच गाव आमचं, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण गावातली निम्मी पोरं हितं वाचत असतात. २ एकर १० गुंठे जमीन हाय, बाबा आणि दोन काका तिघांची सामाईक, उतारा एकच. पावसाळ्यात भात, मग त्याच ओलीवर मसूर नाहीतर वाटाणा. गाव बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) प्लॅनिंग हद्दीत येतं पण शिवार सगळं शेती झोनात हाय.

तर झालंय असं की आमच्या बांधाला लागून वरच्या अंगाला साधारण ४० एकर गेल्या दोन-तीन वर्षांत तुकड्या-तुकड्यानं विकली गेली, घेणारा एकच हे आम्हाला उशिरा कळालं, आणि गेल्या आठवड्यात कन्नड पेपरात नोटीस आली की हे सर्व्हे नंबर शेतीतनं काढून औद्योगिक आणि वाणिज्य करायचेत, हरकत असेल तर लेखी द्या. आमचा सर्व्हे नंबर यादीत नाही. पण एजंट रोज संध्याकाळी येऊन बसूलाय की आत्ता संचकार (विक्रीचा विसार) घ्या, नंतर सरकार फुकटात घेऊन जाईल म्हणून. धाकटे काका तयार हायत, बाबा नाही म्हणूल्यात, मधले काका दोघांकडं मान हलवूल्यात.

मी स्वतः उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर हाय, म्हणजे कारखाने नकोत असं म्हणायचं माझं तोंड नाही. पण विचारूलोय:
यादीत नाही तरी आमची जमीन जाईल का, हरकत घातली तर काय उपयोग असतो का, आणि मराठीत अर्ज दिला तर घेतात का.

नकाशातला_माणूस

आयुष्यभर प्लॅनिंगचे नकाशे काढले, आता रिटायर. आधी हे सांग, नोटिशीत कन्नडमध्ये नेमका शब्द काय हाय? कारण तीन वेगळ्या गोष्टी लोक एकच समजतात आणि एजंटांचं पोट त्याच्यावरच चालतं.

"भू उपयोग बदलावणे" असेल तर ते झोन बदलणं. १९६१ चा टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायदा, कलम १४-अ. मास्टर प्लॅनच्या नकाशावरचा रंग बदलतो बस, मालक तोच राहतो. पेपरात जाहीर करून किमान १५ दिवस हरकतीला द्यावे लागतात आणि शेवटी राज्य सरकारची मंजुरी लागते.

"भू परिवर्तने" असेल तर ते एन.ए., म्हणजे बिनशेती. १९६४ च्या लँड रेव्हेन्यू कायद्याचं कलम ९५, डीसींकडनं (जिल्हाधिकाऱ्यांकडनं). मास्टर प्लॅनात शेती झोन असेल तर कारखान्यासाठी एन.ए. मिळत नाही, म्हणून आधी झोन आणि मग एन.ए. अशी चाल असते. तुझ्या शेजाऱ्यांचं आत्ता पहिलं पाऊल चाललंय.

आणि "भू स्वाधीन" म्हणजे संपादन. ते खरं घाबरायचं. इंडस्ट्रियल एरियासाठी घेतात ते १९६६ च्या केआयएडीबी (कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळ) कायद्यानं, २८(१) ची प्राथमिक अधिसूचना, मग मालकाला नोटीस आणि ३० दिवसांत म्हणणं मांडायचं, सुनावणी, मग २८(४) ची अंतिम. अंतिम निघाली की जमीन सरकारची झाली. तुझ्या नावानं २८ ची नोटीस घरी आलीय का? नाही ना. मग "सरकार फुकटात घेईल" हे एजंटाचं पेटंट वाक्य हाय, गेली तीस वर्षं ऐकतोय, फक्त आधी सायकलवरनं यायचा आता फॉर्च्युनरमधनं येतो. संपादनातसुद्धा मोबदला असतो, पटला नाही तर कोर्टात वाढवून मागता येतो. फुकट कोण नेत नाही.

नोटिशीचा फोटो काढून कन्नड येणाऱ्या कुणाकडनं तरी शब्द न शब्द वाचून घे आधी. आणि पेपरात आलेली तारीख लिहून ठेव, १५ दिवस तिथनं मोजायचे.

दोन_एकर_दहा

भू उपयोग बदलावणेच लिहिलंय काका. म्हणजे पहिलंवालं. आज ८ वा दिवस.

उद्यमबागवाला

माझं जॉबवर्कचं छोटं युनिट हाय, तीन लेथ, दोन व्हीएमसी, भाड्याच्या शेडमध्ये. दुसरी बाजू पण ऐका जरा. उद्यमबागेत आता टेम्पो वळवायला जागा नाही. मच्छे, होनगा, काकती, कणबर्गी सगळीकडं विचारून आलोय, प्लॉट मिळाला तर भाव ऐकून परत यायचं. बेळगावचं नाव फौंड्री आणि हायड्रॉलिक्समुळं देशभर हाय पण पोरगा धंद्यात यायचा म्हटला की जागा नाही, म्हणून कितीतरी जणांनी शिनोळीला शेड टाकल्या, सकाळी महाराष्ट्रात कामाला जायचं आणि रात्री कर्नाटकात झोपायला यायचं.

हत्तरगीचं बघा की, हुक्केरी तालुक्यात २५० एकरात विमानाच्या पार्टसचं एसईझेड २००९ ला उभं राहिलं, तिथं आमच्या भागातली पोरं लागली. सगळं वाईट म्हणून कसं चालेल.

पण (आणि हे पण लिहितो नाहीतर मी बिल्डरचा माणूस वाटेन) "औद्योगिक आणि वाणिज्य" हा शब्द मला खटकला. एकाच पार्कात दोन्ही म्हटलं की रस्त्याकडचा सगळा पट्टा शोरूम, हॉटेल आणि मंगल कार्यालयाला जातो आणि मागं कारखान्यासाठी ठेवलेले प्लॉट नुसते गवत वाढवत बसतात कारण घेणाऱ्यानं भाव वाढायची वाट बघायला घेतलेले असतात. आमच्यासारख्याला १०-१५ गुंठे पाहिजेत ते कुणी देत नाही. हरकत घालणार असाल तर त्यात हे पण विचारा की औद्योगिक किती आणि वाणिज्य किती, आणि छोटे प्लॉट किती.

शिवारातला

उद्यमबागवाले तुमचं दुखणं कळतं ओ, पण तुमच्या टेम्पोला वळायला जागा पाहिजे म्हणून आमचं भात का? आमच्या अंगाला सुवर्णसौध (विधानसभेची इमारत) झाली, २०१२ ला राष्ट्रपती येऊन उद्घाटन करून गेले, वर्षातनं दहा-बारा दिवस अधिवेशन भरतंय, तेवढ्या दिवसांत पोलीस जास्त आणि माणसं कमी. हलगा-मच्छे बायपासचं तर तुम्हाला माहीतच हाय, शेतकरी किती वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढूल्यात. आता रिंगरोड, आता धारवाडची रेल्वे. दर वेळी नकाशावर रेघ मारणारा माणूस चिखलात उतरलेला नसतोय.

दोन_एकर_दहा, मी तुला एकच सांगतो, किंमत-बिंमत नंतर बघ, पाणी बघ. आमच्या वरच्या अंगाला एकानं, कोण ते लिहीत नाही, मुरूम टाकून जमीन सहा फूट उचलली आणि गोदामं बांधली. आधी वरचं पाणी पसरून चार जणांच्या वाफ्यातनं हळूहळू नाल्याला जायचं, ते सगळं एका कोपऱ्यात आलं आणि खाली दोन फुटाचा एक पाइप टाकलेला. २०१९ च्या ऑगस्टात जो पाऊस झाला त्यात सगळीकडंच पाणी होतं म्हणा, पण इतरांचं चार दिवसांत उतरलं, आमचं सतरा दिवस. भात कुजून गेलं. दुसऱ्या वर्षी साधा पाऊस, तरी नऊ दिवस पाणी. तिसऱ्या वर्षी पेरलंच नाही. आणि मग तोच एजंट आला, जो तुझ्याकडं येऊलाय तसलाच, की तुमची जमीन आता पिकत नाही नव्हं, द्या मग. अर्ध्या भावात गेली. आमची जमीन कुणी संपादन केली नाही, झोन पण बदलला नाही, नुसतं पाण्यानं काढून घेतली.

शेताकडं जायची वाट पण बघ. आमची बैलगाडीची वाट त्यांच्या कंपाउंडात गेली, तक्रार केली तर म्हणाले नकाशात दाखवा. नकाशा काढला तोवर भिंत उभी होती.

नकाशातला_माणूस

शिवारातला यांनी जे लिहिलंय तेच हरकतीचं पोट हाय. बाकी सगळं सोड.

मी ज्या सुनावण्या बघितल्या त्यात ९० टक्के अर्ज एकसारखे असायचे, "आमचा विकासाला विरोध आहे, शेतकरी देशोधडीला लागेल, प्रस्ताव रद्द करावा", खाली दोनशे सह्या. साहेब वाचतो, मान हलवतो, शेरा मारतो की हरकत सर्वसाधारण स्वरूपाची, विचार केला, अमान्य. कारण उत्तर द्यायचं कशाला? प्रश्नच विचारलेला नाही. पण एखादा म्हातारा एकाच पानाचा अर्ज घेऊन यायचा की अमक्या सर्व्हे नंबरातनं नाला वाहतो, तो प्रस्तावाच्या नकाशात दाखवलेला नाही, तो बुजला तर माझ्या अमक्या नंबरात पाणी शिरेल, तिथं मग बाजूच्या इंजिनियरकडं बघायला लागायचं. उत्तर लिहावंच लागतं. आणि लिहिलेलं उत्तर पुढं कोर्टात कामाला येतं.

म्हणून हे कर. त्या ४० एकरांच्या सगळ्या सर्व्हे नंबरांच्या पहाण्या (सातबाऱ्यासारखे उतारे) काढ, सरकारच्या भूमी वेबसाइटवर ऑनलाइन दिसतात, कुणाच्या पण बघता येतात. त्यात ३ नंबरचा कॉलम बघ, एकूण क्षेत्राखाली "अ खराब" आणि "ब खराब" लिहिलेलं असतं. अ खराब म्हणजे मालकाचीच पण न पिकणारी, खडक वगैरे. ब खराब म्हणजे नाला, वाट, गाडीरस्ता असलं सार्वजनिक, ते मालकाचं नव्हेच, त्याला विकता येत नाही आणि बुजवता पण येत नाही. कुठल्या नंबरात ब खराब किती गुंठे ते लिहून काढ. मग सर्व्हे ऑफिसातनं गावचा नकाशा घे, जुना, त्यात नाला आणि वाट तुटक रेघेनं दाखवलेली असते. मोबाइलवर दिशांक नावाचं सरकारी अ‍ॅप हाय, शेतात उभं राहून उघडलं की कुठल्या सर्व्हे नंबरात उभा हायस ते सांगतं, थोडं मागंपुढं होतं पण अंदाज येतो. नाल्यावर उभं राहून फोटो काढ.

मग अर्ज. एक पान. तुमचा सर्व्हे नंबर, त्यांचा सर्व्हे नंबर, नाला कुठनं कुठं जातो, वाट कुठनं जाते, कुठल्या कॉलमात ब खराब हाय, आणि तीन मागण्या: नाला मूळ रुंदीनं उघडा ठेवा, वाट उघडी ठेवा, भराव टाकायच्या आधी पाणी कुठं जाणार ते नकाशावर दाखवा. उद्यमबागवाल्यांचा औद्योगिक किती वाणिज्य किती हा प्रश्न चौथा घाल, चांगला हाय. शेवटी प्रत्यक्ष सुनावणी मागतो म्हणून लिही. पोच घेतल्याशिवाय तिथनं हलायचं नाही, शिक्का, तारीख, आवक नंबर.

शिवारातला

आणि मराठीतच दे! आपल्या गावात राहून आपल्या जमिनीबद्दल दुसऱ्याकडनं वाचून घ्यायचं म्हणजे काय. अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं कागदपत्रं त्यांच्या भाषेत द्यायची असं केंद्राचंच धोरण हाय नव्हं. इथं तर गावंच्या गावं मराठी.

नकाशातला_माणूस

तत्त्व बरोबर हाय, मी पण सीमाभागातलाच, १९५६ पासनं आमच्या घरात दुसरा विषय नाही. पण हितं १५ दिवसांची मुदत चाललीय आणि ७ उरल्यात. मराठीत दिलास तर आवकवाला घेईल, मग भाषांतर करा म्हणून परत पाठवेल, तोवर मुदत संपली. वर कन्नड, मागं मराठी प्रत जोड, दोन्हीवर सह्या. भाषेची लढाई वेगळ्या दिवशी लढू, त्या दिवशी मी पहिल्या रांगेत.

सीमेपलीकडचा

चंदगड तालुक्यातनं. शिनोळीचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्याकडं एमआयडीसी हाय, प्लॉट ९५ वर्षांच्या लीजवर मिळतो, कागद सगळा मराठीत, सातबारा मराठीत, तरी पण ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची नातवंडं तिथंच गेटवर वॉचमन हायत. भाषा आपली असली म्हणून पाणी वरनं खाली यायचं थांबत नाही. नकाशातले काका बोलतात तेच आमच्याकडं पण लागू, फक्त पहाणी म्हणायच्या जागी सातबारा.

नोकरीचं लेखी घ्या म्हणून पण लोक सांगतील. घ्या, पण त्याच्या भरवशावर जमीन सोडू नका.

वडगावची_लेक

सगळे पाण्याचं बोललात, मी सहीचं बोलते. दादा, तुझ्या बाबांना बहिणी किती?

आमच्यात झालेलं सांगते. माझ्या दोन भावांनी संचकार घेतला, थोडे पैसे रोख, बाकी झोन बदलल्यावर, असं शंभराच्या का पाचशेच्या बाँडवर लिहिलेलं. आम्हा तिघी बहिणींना कुणी विचारलं नाही. झोन दोन वर्षं झाला नाही. भावांना जमीन दुसऱ्याला विकता येईना कारण संचकारवाला कोर्टात जातो म्हणायचा, कर्ज काढायला गेले तर सोसायटीवाले विचारायचे हे काय प्रकरण, आणि पैसे तर लग्नात संपलेले. नंतर आमच्या सह्या लागल्या तेव्हा आम्ही आठवलो. भाऊबीजेला न येणारे भाऊ साडी घेऊन आले हो.

वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा मुलांइतकाच हक्क हाय, २००५ च्या दुरुस्तीनं, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तो जन्मानंच असतो, २००५ ला वडील जिवंत पाहिजेत असं काही नाही. जुनी नोंदवलेली वाटणी झालेली असेल तर गोष्ट वेगळी. कर्नाटकात तर १९९४ लाच कायदा झालेला, पण त्यात आधी लग्न झालेल्या मुली बाहेर होत्या म्हणून लोक अजून तेच धरून बसल्यात.

आणि सामाईक उताऱ्यातनं एका काकांचाच हिस्सा विकायचा म्हटलं तर मोजणी होऊन ११ ई स्केच (त्या हिश्श्याचा मोजणी नकाशा) लागतं, त्याशिवाय रजिस्टर होत नाही. त्यामुळं धाकट्या काकांना सांग की एजंट "तुमचं तुम्ही द्या" म्हणत असेल तर तो खोटं बोलूलाय. मधे जमीन अडकली की भांडण तुमच्या घरात लावून तो बाजूला होणार.

दोन_एकर_दहा

दोन आत्या हायत. एक गडहिंग्लजला, एक खानापूरला. खरं सांगायचं तर मला पण त्यांचं सुचलं नव्हतं, लाज वाटली वाचून.

उद्यमबागवाला

एक विसरलो. देवनहळ्ळीचं माहीत असेल, बेंगळूर एअरपोर्टजवळ एरोस्पेस पार्कसाठी १७७७ एकर घेणार होते, शेतकरी तीन वर्षांच्या वर बसले आणि १५ जुलै २०२५ ला मुख्यमंत्र्यांनी संपादन सोडल्याचं जाहीर केलं. ते २८ वालं होतं, तुमचं नव्हे, पण एकदा नोटीस निघाली म्हणजे सगळं संपलं असं नसतंय एवढ्यासाठी सांगितलं. आणि मी कारखानदार असून सांगतो, भात पिकणारी जमीन आणि मुरमाड माळ यात फरक करा की, होनग्याकडं, हत्तरगीकडं माळ हाय तिथं करा ना पार्क. शहराजवळच पाहिजे कारण शोरूम शहराजवळच चालतात, हे सरळ हाय.

दोन_एकर_दहा

अपडेट देतो, सहा दिवस झाले.

पहाण्या काढल्या, सगळ्या मिळून ११ सर्व्हे नंबर. त्यातल्या तीन नंबरांत ब खराब हाय, ४ गुंठे, ६ गुंठे आणि २ गुंठे. गावनकाशावर बघितलं तर नाला बरोबर त्या तीन नंबरांतनंच येऊन आमच्या वरच्या बांधाला लागतो. बुडात जाऊन प्रस्तावाचा नकाशा बघायला मागितला, बघायला दिला, फोटो काढू दिला नाही, पण त्यात नाला नाहीच. त्या जागी पार्किंग दाखवलंय. बाबांना सांगितलं तर म्हणाले, मी लहान असताना त्या नाल्यात खेकडं धरायचो, पार्किंग कसलं करतात.

अर्ज कन्नडमध्ये आमच्या शॉपमधल्या गोकाकच्या मित्रानं लिहून दिला, फौंड्रीत मोल्डर हाय पण अक्षर असलं सुंदर, मागं मराठी प्रत. एक पान. तिघा भावांच्या सह्या झाल्या. धाकट्या काकांनी पण केली, पण कसं झालं तर मी त्यांना शेतात नेलं आणि दिशांक उघडून पार्किंगवर उभं केलं, पाणी आल्यावर आपलं कुठलं वाफं जाईल ते त्यांनीच बोटानं दाखवलं, बारा वर्षं तेच पाणी फोडत आलेत. विकायचं नाही असं अजून म्हटलेले नाहीत. फक्त म्हणाले विकायचं तर वाळलेली विकू, बुडवून नको. गडहिंग्लजच्या आत्या परवा आल्या, सही केली आणि बाबांना चार गोष्टी पण सुनावल्या. खानापूरच्या आत्या उद्या येणार.

खालच्या अंगाच्या आणखी पाच जणांनी आपापल्या सर्व्हे नंबराचे वेगवेगळे अर्ज दिले, एकाच कागदावर दोनशे सह्या केल्या नाहीत. पोच घेतली, आवक नंबर हाय. १४ वा दिवस होता.

एजंट दोन दिवस आलेला नाही.

आता एकच विचारायचं, सुनावणीचं पत्र आलं तर सगळ्यांनी जायचं का बाबांनी एकट्यानं गेलं तर चालतं? कामावर सुट्टी काढायची तर आधी सांगावं लागतं.

नकाशातला_माणूस

ज्यांच्या सह्या हायत ते सगळे जावा. त्या महिन्याची चालू पहाणी, गावनकाशाची सही-शिक्क्याची प्रत आणि नाल्याचे फोटो प्रिंट काढून, मोबाइलवर दाखवायचं नाही, साहेब मोबाइल फाइलला लावू शकत नाही. बोलायला धाकट्या काकांना पुढं करा. आणि पत्रावर तारीख आली की हितं टाक, मी पण येतो, मागं बसतो.